गोळी लेकरांना, जंत आईबापांना

दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळाशाळांतून आणि अंगणवाड्यांतून जंताची गोळी वाटली जाते. बाई एकेकाला समोर उभं करून गोळी चावायला लावतात, कारण हातात दिली की ती दप्तरात जाते हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम; दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. २०१५ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत ही मोहीम सुरू झाली, २०१६ पासून ती देशभर राबवली जाते, आणि तिचा सगळा हिशेब १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींचा आहे. ज्या थोड्या सरकारी मोहिमा वेळेवर आणि धडपणे पार पडतात त्यांत हिची गणना करायला हरकत नाही. माझं भांडण तिच्या वयाच्या अटीशी आहे. मुलांच्या पोटातले जंत काढायलाच हवेत. पण रक्त पिणारा जंत ज्यांच्या पोटात सगळ्यात जास्त असतो, त्या माणसांचा शाळेशी संबंध कधीच सुटलेला असतो. ती शेतात असतात.

जंत म्हटलं की आपल्याला पोरच आठवतं. गोड फार खातो म्हणून जंत झाले, झोपेत दात खातो म्हणजे नक्कीच जंत, वावडिंगाचं पाणी द्या, ही आपली घरोघरची वैद्यकी. (गोडाचा आणि जंताचा काही संबंध नाही, पण ते आज्यांना कोण सांगणार.) ही सगळी समजूत गोल जंताभोवती तयार झालेली आहे. तो वीतभर लांब असतो, शौचातून पडतो, दिसतो, आणि घरात एकच गोंधळ उडतो. हुकवर्म, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला अंकुशकृमी, असा कधी दिसत नाही. तो जेमतेम सेंटिमीटरभर असतो आणि लहान आतड्याच्या अस्तराला तोंडाने धरून बसतो. बाहेर पडतात ती फक्त त्याची अंडी, आणि ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. दिसत नाही म्हणून त्याच्याबद्दल घरात समजूतही नाही, भीतीही नाही.

शिवाय तो बहुतेक वेळा तोंडातून येतच नाही. हे कळलं तेही अपघाताने. १८९० च्या दशकात कैरोमध्ये आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर अळ्या असलेलं पाणी सांडलं, तिथे खाज सुटली, आणि पुढे त्याच्याच शौचात हुकवर्मची अंडी सापडली. अंडी ओल्या, सावलीतल्या मातीत पडली की एक-दोन दिवसांत फुटतात. पाच ते दहा दिवसांत अळी कातडीत शिरण्याजोगी होते, आणि ओल टिकली तर तीन-चार आठवडे तिथेच तग धरते. अनवाणी पाऊल पडलं की ती आत शिरते. शिरेतून हृदयाकडे, तिथून फुप्फुसात, मग श्वासनलिकेतून वर घशाशी येऊन गिळली जाते आणि शेवटी आतड्यात ठाण मांडते. एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. जिथून शिरली तिथे पायाला खाज येते, बारीक पुरळ उठतं. पण आषाढ-श्रावणात ज्यांचे पाय दिवसभर चिखलात असतात त्यांना चिखल्या झालेल्याच असतात. त्या खाजेतून ही खाज वेगळी कोण काढणार? काहीतरी मलम लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ्यात उतरायचं.

गोल जंताचा भार शाळकरी वयात सगळ्यात जास्त असतो आणि पुढे उतरत जातो. हुकवर्मचं गणित उलटं आहे. त्याचा भार वयाबरोबर चढतो आणि ऐन कामाच्या वयात चढलेलाच राहतो. एकदा होऊन गेला म्हणून शरीर त्याच्याविरुद्ध धडपणे काही शिकत नाही, आणि पाय तर रोजच मातीत असतात. तरीही २०३० पर्यंत गाठायचं म्हणून जे मुख्य जागतिक उद्दिष्ट ठरलं आहे ते मुलांमधल्या मध्यम आणि तीव्र संसर्गाचं आहे, दोन टक्क्यांच्या खाली आणायचं. ते गाठलं म्हणजे काम झालं असं आपण जाहीर करून टाकू, आणि मुलांच्या आया तेव्हाही दम लागतो म्हणून बांधावर बसलेल्या असतील.

उष्ण प्रदेशातल्या खेड्यांत हा रोग किती, असं विचारलं की आकडे मोठे येतात. मातीतून पसरणाऱ्या सगळ्या जंतांचा मिळून संसर्ग जगात सुमारे १५० कोटी माणसांना आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसत्या हुकवर्मचे अंदाज ४० ते ५० कोटींच्या घरातले आहेत. भारतात २०१६ पर्यंत राज्यवार पाहणी झाली, तीत मातीतून पसरणाऱ्या जंतांचं प्रमाण मध्य प्रदेशात १२.५ टक्के तर तमिळनाडूत ८५ टक्के निघालं. एका देशात इतका फरक निघतो तेव्हा सरासरीला फारसा अर्थ राहत नाही. आणि टक्केवारी स्वतःही बरंच काही लपवते. एकतर अशा पाहण्या शाळेत जाऊन होतात. दुसरं म्हणजे शौचाच्या नमुन्याची काच तयार केल्यावर हुकवर्मची अंडी तासाभरात विरघळून दिसेनाशी होतात. काचा सकाळी गावात तयार करून दुपारी तालुक्याला पोचवल्या की निकाल निर्मळ येतो. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: गावातल्या शंभरांपैकी वीस जणांना संसर्ग असला तरी बहुतेक जंत त्यातल्या थोड्याच जणांच्या पोटात असतात. पाच जंत असलेला आणि दीडशे जंत असलेली, दोघेही टक्केवारीत एकएकच मोजले जातात.

दीडशे जंत म्हणजे काय, ते रक्तात मोजावं लागतं. माणसाला ग्रासणाऱ्या हुकवर्मच्या मुख्य जाती दोन, आणि भारतात दोन्ही सापडतात. त्यातली सौम्य जात, नेकेटर, दिवसाला एका जंतामागे ०.०३ मिलिलिटर रक्त घालवते. शंभर जंत धरा: दिवसाला ३ मिलिलिटर, महिन्याला ९०. मासिक पाळीत बाईचं सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे महिन्याला दोनअडीच पाळ्यांचं रक्त जास्तीचं, गुपचूप. दुसरी जात, अँकिलोस्टोमा, याच्या पाचसहा पट पिते. वर भाकरी, कोरड्यास, कधीमधी कडधान्य या जेवणातून शरीरात शोषलं जाणारं लोह दिवसाला मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातून हा खर्च भागणं कठीण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याला एकटा हुकवर्म जबाबदार आहे असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. जेवण अपुरं, बाळंतपणं लागोपाठची, पाळीचा त्रास अंगावर काढलेला, ब-१२ ची कमतरता, अशी कारणं ढीगभर आहेत. पण उपकेंद्रात काय घडतं ते बघा. बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात, "तुझं रक्त आठ आहे" म्हणतात आणि लाल गोळ्यांची पाकिटं हातात ठेवतात. गरोदर असेल तर दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळीही मिळते, कारण तसा नियम आहे. गरोदर नसेल तर रक्त जातंय कुठे हा प्रश्न कुणी विचारत नाही. पुरुषाचं तर हिमोग्लोबिनही कुणी बघत नाही. त्याला अशक्तपणा आला की तो खासगी दवाखान्यात जाऊन ताकदीचं सलाइन लावून घेतो. तीनचारशे रुपये मोजतो, दोन दिवस बरं वाटतं. शौचाची तपासणी सांगणारा डॉक्टर विरळा, आणि सांगितली तरी डबी घेऊन जाणारा पेशंट त्याहून विरळा, हेही खरं.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे या. सातारा काय, सांगली काय, एक टोक सह्याद्रीत आणि दुसरं दुष्काळात. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा इकडे पाऊस मोजायची सोय नाही. माण, खटाव, जत, आटपाडीत पावसाची वाट बघण्यात जन्म जातो. हुकवर्मच्या अळीला ऊब, ओल, सावली आणि भुसभुशीत माती लागते. चैत्रातल्या माणच्या उघड्या मुरमावर ती टिकत नाही. घट्ट काळी जमीनही तिला फारशी मानवत नाही. पाटणच्या खोऱ्यातली भातलावण तिला सोयीची. तिथल्या थंडीत मात्र तिचा जोर कमी होतो. हे सगळं जुन्या भूगोलानुसार. पण आपला भूगोल आता पावसावर चालत नाही, पाइपलाइनीवर चालतो. कराड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात बारमाही ऊस आहे. ऊस डोक्याच्या वर गेला की ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, पाणी चालूच असतं, आणि पाचट आच्छादून कुजवायची चांगली पद्धत आल्यापासून ओल आणखी टिकते. मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन असेल तर विचारूच नका. त्यात आडोसा म्हणून माणूस जातो कुठे? उसातच. शौचाला बसायची जागा, अळीला वाढायची जागा आणि उद्या भांगलायला उतरायची जागा एकच होते.

ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी हेच पाणी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत नेलं. त्या पाण्याबद्दल वाकडा शब्द काढायची माझी हिंमत नाही. तिथल्या लोकांनी त्यासाठी उभं आयुष्य घासलं आहे. एवढंच म्हणतो की पाणी पोचलं की शेताची ओल बदलते, पीक बदलतं, मजुरी बदलते, आणि त्यासोबत रोगाचा नकाशाही बदलू शकतो. आरोग्य खात्याने त्या मागोमाग जायला हवं.

इथे हटकून एक उत्तर मिळतं: आता घरोघरी संडास झाले, उघड्यावर कोण जातं? उत्तर देणाऱ्याकडे पुरावाही भक्कम असतो. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली ज्यांनी सुरू केलं ते आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. २०१८ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सातारा जिल्हा देशात पहिला आला. त्याच वर्षी ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. यातलं काहीच खोटं नाही आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण आपण संडास मोजले ते घरांमागे. माणूस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा जिथे असतो तिथे, म्हणजे शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात, किती संडास आहेत? तीन किलोमीटरवरच्या घरी जाऊन येणाऱ्या रोजंदारीच्या बाईची मजुरी कोण देणार? ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या शंभर गावांत याचीच चाचणी झाली होती. निम्म्या गावांत मोहीम राबवून संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जंतांच्या संसर्गात मात्र काही फरक पडलेला दिसला नाही. संडास निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ काढू नये. गावातले थोडे लोक जरी शेतात जात राहिले तरी माती मोकळी होत नाही, इतकाच तो आहे. शौचखड्डा टँकरने उपसून मैला रातोरात कुणाच्या तरी रानात सोडायचा प्रकारही चालतो, त्याचा हिशेब कुठल्याच सर्वेक्षणात येत नाही.

मग करायचं काय? मोठ्यांनाही गोळी द्यायची. केनियाच्या क्वाले भागात हे करून पाहिलं आहे, आणि २०१९ साली निकाल आला. वर्षातून एकदा फक्त मुलांना गोळी दिली तिथे हुकवर्म दोन वर्षांत १८.६ टक्क्यांवरून १३.८ वर आला. घरोघर जाऊन सगळ्या वयांच्या लोकांना वर्षातून दोनदा दिली तिथे २०.६ वरून ६.२ वर. आपल्याला हे नवखंही नाही. हत्तीरोगाच्या मोहिमेत गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर भागांत आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन मोठ्या माणसांना समोर गोळ्या खायला लावतातच, आणि त्या गोळ्यांत अल्बेंडाझोल असतं. जिथे संसर्ग २० टक्क्यांहून जास्त आहे तिथे १५ ते ४९ वयाच्या बायकांनाही नियमित गोळी द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालीच सांगितलं आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत द्यायची नाही, एवढं पथ्य. आणि कोण गरोदर आहे हे आशाताईंइतकं गावात कुणाला ठाऊक असतं?

दोन आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. सरसकट गोळ्या वाटून मुलांचं वजन, हिमोग्लोबिन, शाळेतली हजेरी सरासरीने फारशी सुधारत नाही, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी म्हटलं आहे. त्यावरून तज्ज्ञांत कडाक्याची भांडणं झाली आहेत. पण ज्यांना संसर्गच नाही अशांनाही सरासरीत धरलं की फायदा पातळ दिसणारच. म्हणून माझं म्हणणं असं की आधी तपासा. पाटण किंवा शिराळ्यातली काही गावं, कृष्णाकाठची काही, जत-आटपाडीतली पाणी आलेली काही घ्या, सगळ्या वयांच्या लोकांचे नमुने गावातच सूक्ष्मदर्शक नेऊन ताजे तपासा, आणि नुसतं आहे-नाही न लिहिता अंडी मोजा. कुठे काहीच सापडलं नाही तर उत्तम, तिथे गोळ्यांचा खर्च वाचला.

दुसरा आक्षेप औषधाला दाद न देणाऱ्या जंतांचा. हा माणदेशातल्या मेंढपाळाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. मेंढ्यांच्या पोटातही रक्त पिणारा जंत असतो. पावसाळ्याच्या तोंडावर आणि नंतर तो कळपाला औषध पाजतो, आणि एकच औषध वर्षानुवर्षं पाजलं की ते लागू पडेनासं होतं हेही त्याने पाहिलेलं असतं. माणसांतही एका गोळीने हुकवर्मचे सगळे रुग्ण बरे होत नाहीत. पाचातला एखादा राहतोच, आणि माती तीच असली तर वर्षभरात निम्म्याहून अधिक संसर्ग परत येतो. तेव्हा गोळीसोबत फडावरचे संडास आणि पायात काहीतरी हे आलंच. चपला चिखलात रुततात, तुटतात. रबरी बूट लागतात, आणि ते मजुराने स्वतःच्या पैशांनी घ्यावेत अशी अपेक्षा फुकटची आहे. तरी कळपाचं औषध चुकवत नाही तो मेंढपाळ स्वतः मात्र कधी गोळी घेत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि कुठून सुरू करायचं हे विचाराल तर ऊसतोडीच्या तळांवरून. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, खुद्द जतमधून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास आणि रानात कोप्या पडतात, मार्च-एप्रिलपर्यंत हजारो माणसं तिथे राहतात. संडास बहुतेक ठिकाणी नसतो. दिवस उजाडायच्या आत बाया उसात जाऊन येतात आणि तासाभराने त्याच फडात कोयता घेऊन उभ्या राहतात. त्यांची पोरं सोबत असतात. १० फेब्रुवारीची गोळी गावाकडच्या शाळेत येते तेव्हा ती इथे असतात. शाळाबाह्य मुलांना अंगणवाडीत गोळी द्यायची तरतूद आहे, पण परजिल्ह्यातलं पोर कुठल्या अंगणवाडीच्या यादीत असतं? या लोकांना अंगचोर म्हणणारे बागायतदार मी भरपूर ऐकले आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गरीब शेतमजुरांनाही आळशी म्हणत. १९०९ नंतर तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशांतून तिथे तपासणी झाली, तेव्हा पाहणी केलेल्या शाळकरी मुलांतली चाळीस टक्क्यांच्या आसपास हुकवर्मने ग्रासलेली निघाली.

टोळी कधी आली, किती कोयते, उचल किती, हे मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या शेती खात्यात लिहिलेलं असतं. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे, त्यासाठी टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचं ठरलेलं आहे. गोळी काही रुपयांची. टोळी आल्यावर एकदा आणि परतताना एकदा, मोठ्यांना आणि पोरांना, तळावरच द्यायची. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे दोन कर्मचारी दोन संध्याकाळी एक तळ उरकतील. गाळप परवान्याचे अर्ज दर हंगामाआधी पुण्याला साखर आयुक्तालयात जातात. तळावर किती संडास उभे केले आणि मागच्या हंगामात किती जणांना गोळी दिली, हे दोन रकाने त्या अर्जात वाढवायला हरकत नसावी.